गाडी कोणाची घ्यायची? 2009 मधला आमचा निर्णय आणि आजचं माझं मत

परवा मंडळाच्या ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसनंतर पार्किंगमध्ये एक नवीन जोडपं भेटलं, मागच्याच वर्षी पुण्याहून इकडे मिशिगनला आलेत. ती मुलगी म्हणाली, ताई, गाडी घ्यायचीये, ऑफिसमध्ये सगळे म्हणतात डेट्रॉइटला राहताय तर अमेरिकनच घ्या, घरचे म्हणतात डोळे झाकून टोयोटा घ्या, तुम्ही काय केलं होतंत? तिथे उभ्याउभ्या जमेल तेवढं सांगितलं, पण घरी आल्यावर वाटलं नीट लिहूया, कारण हाच प्रश्न 2009 मध्ये चार महिने माझ्या डोक्यात होता.

तो काळ ज्यांनी इथे काढला त्यांनाच कळेल. नोव्हेंबर 2008 मध्ये डेट्रॉइटच्या तीन मोठ्या अमेरिकन कार कंपन्यांचे, म्हणजे जनरल मोटर्स (जीएम), फोर्ड आणि क्रायसलरचे, तिन्ही सीईओ प्रायव्हेट जेटने वॉशिंग्टनला सरकारकडे पैसे मागायला गेले आणि देशभर संताप झाला, मग डिसेंबरमध्ये तेच लोक आपापल्या कंपनीच्या गाड्या घेऊन रस्त्याने गेले. सिनेटमध्ये मदतीचं बिल अडलं, शेवटी 19 डिसेंबरला बुशनी बँकांसाठी ठेवलेल्या पैशातून जीएम आणि क्रायसलरला 17.4 बिलियन डॉलरचं कर्ज दिलं. तरी 30 एप्रिल 2009 ला क्रायसलर आणि 1 जूनला जीएम दिवाळखोरीत गेलीच. मिशिगनमधली बेरोजगारी त्या वर्षी 14 टक्क्यांच्या वर गेली होती. आमच्या गल्लीत तीन घरांना बँकेचं कुलूप लागलं होतं, आणि लायब्ररीत दिवसा माणसं दिसायला लागली, चाळीस-पंचेचाळिशीतले बाप्ये कॉम्प्युटरसमोर रेझ्युमे टाइप करत बसलेले.

मी एका सप्लायर कंपनीत वायरिंग हार्नेसचं, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्याचं, डिझाइन करायचे. आमचा माल जीएमलाही जायचा आणि होंडालाही. लोकांना वाटायचं जीएम बुडली तर टोयोटा-होंडाला बरंच आहे, पण तसं अजिबात नव्हतं, जीएम बुडली असती तर आमच्यासारखे शेकडो सप्लायर बुडाले असते आणि मग होंडाची लाइनही पार्ट नाही म्हणून उभी राहिली असती. फोर्डला स्वतःला पैसे नको होते, तरी फोर्डचे सीईओ मुलाली बाकीच्या दोघांना मदत द्या म्हणून सांगत होते, ते यासाठीच. आमच्या मजल्यावरची निम्मी डेस्कं त्या हिवाळ्यात रिकामी झाली. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होते, नोकरी गेली असती तर देश सोडावा लागला असता.

आणि नेमकी तेव्हाच आमची 98 ची टोयोटा कोरोला संपत आली.

नवऱ्याचं मत पक्कं होतं, टोयोटाची कॅमरी किंवा होंडाची अकॉर्ड. तो म्हणायचा, अगं आपण टॅक्समधून यांना एकदा पैसे दिलेत, आता शोरूममध्ये जाऊन परत का द्यायचे? शिवाय फेब्रुवारीत कायदा आला होता की ज्या कंपन्यांनी बेलआउटचे म्हणजे सरकारी मदतीचे पैसे घेतलेत त्यांना नवीन एच-वन-बी माणूस घ्यायचा असेल तर जादा अटी. म्हणजे त्या कंपन्यांची दारं तुला जवळपास बंद, आणि तू त्यांचीच गाडी घेणार? याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. ओळखीतले बरेच जण म्हणायचे, फोर्डने पैसे घेतले नाहीत तर फोर्ड घ्या. ते खरंच होतं, फोर्डने 2006 मध्येच 23 बिलियनच्या वर कर्ज उचललं होतं, त्यासाठी स्वतःचा निळा लोगोसुद्धा गहाण टाकला होता, म्हणून ते तरले. पण आम्ही फोर्डची फ्युजन बघायला गेलो तर काचेवरच्या लेबलवर जुळणी मेक्सिकोतल्या एर्मोसियोची.

त्या लेबलकडे मी नीट बघायला लागले ते आमच्या शेजारच्या आजोबांमुळे. ते जीएमच्या स्टँपिंग प्लँटमधून रिटायर झालेले, युनियनचे जुने माणूस. दोन वर्षं आमच्या ड्राइव्हवेत जपानी नावाची गाडी उभी होती पण ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत, उलट बर्फ पडला की स्वतःचा झाला की आमचाही रस्ता मोकळा करून द्यायचे. एप्रिलमध्ये एकदा मी कोरोलाचं बॉनेट उघडून उभी होते तर ते आले, डॅशबोर्डवरचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, वाचला आणि म्हणाले, ही 1 ने सुरू होते, म्हणजे अमेरिकेत बनलेली, ही फ्रिमाँटची आहे, आमच्याच युनियनच्या माणसांनी जोडलेली. मला माहीतच नव्हतं. कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला जीएम आणि टोयोटाचा भागीदारीतला कारखाना होता, आणि कामगार यूएडब्ल्यू या वाहन कामगारांच्या युनियनचे. मग त्यांनी मला सगळं शिकवलं, पहिला आकडा 1, 4 किंवा 5 म्हणजे अमेरिका, 2 कॅनडा, 3 मेक्सिको, इंग्रजी जे अक्षर असेल तर जपान, के अक्षर म्हणजे कोरिया, आणि अकरावं अक्षर कुठल्या प्लँटमध्ये जोडली ते सांगतं. अर्धा तास आम्ही गल्लीतल्या गाड्यांचे व्हिन वाचत फिरलो. अमेरिकन नावाच्या दोन गाड्या 3 ने सुरू होत होत्या, कोपऱ्यावरची अकॉर्ड 1 ने, ओहायोतल्या मेरिसव्हिलची, इथून तीन-साडेतीन तासांवर.

माझ्या मनातली 'देशी' आणि 'परदेशी'ची रेघ त्या दिवशी पुसली गेली.

पुढे त्या फ्रिमाँटचं जे झालं त्याने तर मी हादरलेच. दिवाळखोरीत जीएमने भागीदारी सोडली, मग एकट्याला परवडत नाही म्हणून टोयोटानेही पाय काढला, आणि 1 एप्रिल 2010 ला कारखाना बंद, 4700 लोकांचं काम गेलं. त्यात दोष कुठल्या देशाचा धरायचा? आज तिथे टेस्ला बनते.

पुण्याहून बाबांचा फोन यायचा. बाबांनी टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) 31 वर्षं काढली, ते म्हणायचे, सरकारने पैसे दिले म्हणजे कंपनी सरकारी झाली का गं? म्हटलं हो बाबा, नव्या जीएमचे 60 टक्के शेअर सरकारचे आहेत. ते म्हणाले, मग गाड्या खपल्या तरच तुमचे पैसे परत येणार ना. टॅक्सचे पैसे गेलेलेच होते, गाडी न घेऊन ते परत येणार नव्हते. (सगळे आलेही नाहीत, डिसेंबर 2013 मध्ये सरकारने शेवटचे शेअर विकले तेव्हा एकट्या जीएममध्ये 10 बिलियनच्या वर तोटा झाला. तरी माझं मत आजही हेच आहे की ती मदत योग्य होती.)

तेव्हा उन्हाळ्यात कॅश फॉर क्लंकर्स ही सरकारी योजना आली होती, जुनी गाडी द्या, 3500 किंवा 4500 डॉलर घ्या. आमची कोरोला त्यात बसत नव्हती, गॅलनला 18 मैल किंवा त्याहून कमी मायलेजवालीच गाडी चालायची. शेवटी आम्ही शेवरोले मालिबू घेतली, सप्लायरवाल्यांना मिळतो त्या डिस्काउंटमध्ये. मालिबू कॅन्सस सिटीतही बनायची आणि ओरायनलाही, ओरायन आमच्या घरापासून 20 मैल. मी डीलरच्या लॉटमध्ये व्हिन बघत फिरले आणि ओरायनचीच उचलली. त्या प्लँटमधली माणसं आमच्याच क्रोगर दुकानात दूध घ्यायची, त्यांची मुलं आमच्याच शाळेत, तो प्लँट बंद झाला असता तर आमच्या घराची किंमत, शाळेचं बजेट, माझी नोकरी, सगळ्याला धक्का होता. शिवाय त्या कामगारांनी खूप सोसलं होतं, नवीन माणसाला तासाला 14 डॉलरवर घ्यायला युनियन तयार झाली होती आणि रिटायर लोकांच्या मेडिकलच्या फंडात अर्धे पैसे रोख न येता शेअर आले होते. शेजारच्या आजोबांचं औषधपाणी त्याच फंडातून चालायचं. गाडी चांगली होती हेही तितकंच महत्त्वाचं, टेस्ट ड्राइव्हमध्ये नवऱ्यालाही आवडली, वाईट असती तर मी घेतली नसती.

पण एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीये. 'अमेरिकन गाडी नाही म्हणजे तू आमची नाहीस' असं कोणी तुम्हाला म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका. याच डेट्रॉइटमध्ये जून 1982 मध्ये व्हिन्सेंट चिन नावाच्या 27 वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलाला, त्याचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना, बेसबॉल बॅटने मारून ठार केलं. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातायत तो राग त्याच्यावर निघाला, आणि तो जपानीही नव्हता. मारणाऱ्यांना प्रोबेशन आणि 3000 डॉलर दंड, तुरुंग नाही. म्हणून मी मालिबू घेतली तरी कॅमरी घेणाऱ्या कोणालाही कधी नावं ठेवली नाहीत. केंटकीतल्या जॉर्जटाउनचा कॅमरी जोडणारा माणूसही संध्याकाळी दमून घरीच जातो.

आणि कंपनीवर माया मी करत नाही. ज्या जीएमला इथल्या टॅक्सने वाचवलं तिने 2017 मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचं उत्पादन बंद केलं, हजाराहून जास्त कामगार रस्त्यावर आले, आता तो प्लँट ह्युंदाईने घेतलाय. बाबा तेव्हा रोज त्या बातम्या वाचून मला फोन करायचे. क्रायसलर तर आता स्टेलांटिसमध्ये आहे, कागदोपत्री नेदरलँड्सची कंपनी. ब्युइकची एनव्हिजन कित्येक वर्षं चीनमधून येतेय, शेवरोलेची ट्रॅक्स कोरियातून. 2025 मध्ये बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर 25 टक्के टॅरिफ लागला, तेव्हा ग्रुपवर परत देशी-परदेशीचे मेसेज सुरू झाले आणि त्यातले निम्मे लोक नुसतं बॉनेटवरचं नाव बघून बोलत होते.

तर त्या मुलीला मी सांगितलं, आधी बजेट आणि सेफ्टी बघा, तुम्हाला बाळ होणारे तर मागच्या सीटवर बाळाचं सीट नीट बसतं का ते बघा, मग दोन-तीन गाड्या सारख्याच आवडल्या तर काचेवरचं लेबल वाचा, अमेरिका-कॅनडाचे पार्ट किती टक्के, जुळणी कुठे, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, सगळं त्यावर छापलेलं असतं, आणि जी तुमच्या जवळच्या माणसांनी बनवलीये ती घ्या, नाव कुठलंही असो. ती म्हणाली, ताई तुम्ही याल का बरोबर? शनिवारी दहाला निघतोय आम्ही, आधी शेवरोले, मग होंडा. नवरा म्हणतोय तोही येणार.