‘फुकट’ या शब्दाबद्दल, ‘एक सजग करदाता’ यांना

गेल्या आठवड्यात मी भारतनेट (ग्रामपंचायतींपर्यंत फायबरने इंटरनेट नेणारी केंद्राची योजना) आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना (तरुणांना ठरावीक मुदतीसाठी दरमहा पैसे देऊन काम शिकवणारी राज्याची योजना) या दोन्हींवर मिळून लिहिलं होतं. म्हणणं साधं होतं. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबर चालू ठेवायला गावात माणूस लागतो. मग प्रशिक्षण योजनेतून घेतलेल्या पोरापोरींना कार्यालयात नुसत्या फायली लावायला बसवण्यापेक्षा हे काम शिकवा. त्यावर ‘एक सजग करदाता’ या नावाने प्रतिक्रिया आली, ती अशी:

“ताई, पंख्याखाली बसून लेख लिहिणं सोपं असतं. गाव कधी पाहिलंय का? पोरांना फुकट नेट, वर महिन्याला फुकट दहा हजार, सरकार आळशांची फौज उभी करतंय आणि भरतो आम्ही. पंचायतीतलं मशीन बंदच असतं. मुदत संपली की पोरं पुन्हा घरी. आणि योजना सहा महिन्यांची नाही, अकरा महिन्यांची आहे. आधी माहिती घ्या.”

शेवटच्यापासून सुरू करते. बरोबर आहे तुमचं. २०२४ साली योजना आली तेव्हा मुदत सहा महिने होती, २०२५ मध्ये ती वाढून अकरा झाली. मी जुनाच आकडा लिहिला. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आता आकड्यांचंच काढलंत म्हणून सांगते, सरसकट दहा हजार कुणालाच नाहीत. पदवीधराला १०,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि बारावी झालेल्याला ६,००० रुपये. माझी चूक तुम्ही ठळकपणे दाखवलीत, मग तुमचीही तेवढीच ठळक असू दे.

पण मला लागलं ते “गाव कधी पाहिलंय का” हे वाक्य. ओळखदेख नसताना एखाद्याला असं विचारायला काही वाटत नाही का हो? वर ‘ताई’ म्हणायचं, म्हणजे बोललेलं खपून जातं. विचारलंच आहे तर ऐका.

२०१३ साली मी बावीस वर्षांची होते आणि एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होते. जन्ममृत्यूच्या नोंदी, दाखले, घरपट्टीचा नमुना आठ, सगळं माझ्याकडे. नेट म्हणजे एक डोंगल. ते लांब वायरला लावून खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधायचं, कारण तिथेच रेंज मिळायची. पाऊस आला की वर प्लास्टिकची पिशवी. दिवसा काही चढायचंच नाही, म्हणून नोंदी पेनड्राइव्हमध्ये घेऊन दुपारच्या एसटीने तालुक्याला जायचं, तिथे कुणाच्या तरी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून अपलोड करायचं आणि शेवटच्या गाडीने परत. तिकीट माझ्या पैशाने. ज्या कंपनीमार्फत मानधन यायचं ती चार-चार महिने द्यायची नाही. एकदा दिवाळीला हात हलवत घरी गेले. याला तुम्ही पंख्याखाली बसणं म्हणता? कार्यालयात पंखा होता, पण वीज नसायची.

आता ‘फुकट’. या एका शब्दावर तुमची सगळी प्रतिक्रिया उभी आहे म्हणून तो सोडणार नाही.

भारतनेटचा पैसा कुठून आला ते पाहा. टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित, म्हणजे ठरलेल्या वजावटी करून उरलेल्या, महसुलातून सरकार ८ टक्के परवाना शुल्क घेतं. त्या ८ पैकी ५ टक्के सार्वत्रिक सेवेसाठी असतात, म्हणजे जिथे जाणं कंपनीला परवडत नाही तिथे सेवा पोचावी म्हणून. ती रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत, जमा होते आणि संसदेच्या मंजुरीने या कामाला येते. या कामाच्या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात, त्याआधी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी होता. आणि कंपनीचा महसूल कशातून होतो? रिचार्जमधून. म्हणजे टेकडीवर चढून एक काडी रेंज शोधणाऱ्यानेही वर्षानुवर्षं प्रत्येक रिचार्जला यात भर घातली आहे. शहरातल्या माणसाला त्याच रिचार्जमध्ये पुरेपूर सेवा मिळाली, याला मिळाली नाही. फुकट कोण घेतंय मग? तुम्ही कर भरता तसा तोही भरतो, फक्त तो स्वतःला ‘सजग’ म्हणवून घेत नाही.

हे बोलणं नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती. तेव्हाही ‘सरकार लोकांना बसून खायला शिकवतंय’ असं म्हणणारे होतेच, ती शेवटपर्यंत ते सांगायची. तिच्या हाताचे घट्टे मी पाहिले आहेत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे देशाने २००५ साली तीच वाट धरली. त्या हमीच्या कामासाठी तर कायद्याच्याही आधी, १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या हाताला काम द्यायचं, हे महाराष्ट्राने तेव्हाच ठरवलंय. तुम्हाला आज त्याचा राग येत असेल, तर तो पन्नास वर्षं उशिरा आला आहे.

आणि ‘आळशी’? मागच्या पावसाळ्यात एका मुलीला मी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसलेली पाहिली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. मांडीवर कागदांची पिशवी, एका हातात छत्री. ओटीपी यायचा तोवर पान बंद पडायचं, की पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा झालं, माझ्यासमोर. पाचव्यांदा तिने मोबाइल टाकीच्या अगदी वरच्या पायरीवर ठेवला आणि मला म्हणाली, “तुम्ही आकडे वाचा, मी खाली दुसऱ्या मोबाइलवर टाकते.” तिला आळशी म्हणायचं असेल तर समोर जाऊन म्हणा, खोट्या नावाने लिहू नका.

मशीन बंद असतं, हे तुम्ही मला सांगताय? अहो, लेखच त्यावर होता. फायबरच्या योजनेला केंद्राने २०११ साली मंजुरी दिली, २०१५ मध्ये भारतनेट हे नाव आलं, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. मी पाहिलेल्या एका पंचायतीत फायबरच्या मशीनची ती करडी पेटी भिंतीवर आहे, आत लाल दिवा जळतोय, म्हणजे जोडणी नाही, आणि पेटीच्या कडीला कॅलेंडर अडकवलंय. रस्ता रुंद करताना जेसीबीने वायर तोडली, ती जोडायला जिल्ह्याहून माणूस यायचा होता. गावातल्याच आयटीआय झालेल्या पोराला जोडणी शिकवली असती तर वायर त्या आठवड्यातच जोडली गेली असती. पूर्ण लेख वाचला असतात तर तुम्ही माझ्याच बाजूने लिहिलं असतंत.

मुदतीनंतर पोरांचं काय, या प्रश्नावर आत्ता शिरत नाही. तो वेगळा विषय आहे आणि तुम्ही ज्या सुरात विचारलाय त्या सुरात त्याचं उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र स्वतःच्या नावाने लिहा. आणि गाव तुम्ही पाहिलंच असेल, तर तिथल्या पंचायतीतली पेटी उघडून दिवा कोणता लागलाय तेवढं कळवा.