‘स्थानिकांचे मोलाचे सहकार्य लाभले’

आमच्या ऑफिसात सध्या ब्रोशर बनवणं चाललंय. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकामाच्या निधीच्या, यादीत नाव लागावं म्हणून. ऑफिस म्हणजे लातुरातले दोन गाळे, वर्षातून दोनदा रुसणारा, नकाशे छापायचा एक प्लॉटर, चार माणसं आणि मी. शाळाखोल्या, अंगणवाड्या, सभागृहं, एखादी पाण्याची टाकी, अशी आमची कामं. नकाशा काढायचा, अंदाजपत्रक करायचं, साइटवर देखरेख ठेवायची, बिल तपासून सही करायची.

ब्रोशरचं काम नव्या पोराला दिलंय. हुशार आहे, कॉम्प्युटर चांगला चालतो त्याचा. काल त्यानं पानं दाखवली. प्रत्येक प्रकल्पाचा फोटो, चौरस फूट, खर्च, आणि खाली एक ओळ: ‘स्थानिक समाजाचे मोलाचे सहकार्य लाभले.’ अकरा प्रकल्प, अकरा वेळा तीच ओळ. शेवटच्या पानावर हात हातात घेतलेल्या माणसांचा नेटवरून उचललेला फोटो. त्यातला एकही माणूस औसा-निलंगा भागातला वाटत नव्हता.

मी म्हटलं, यातल्या तीन गावांत सहकार्य सोड, लोकांनी आपलं काम बंद पाडलं होतं. तो म्हणाला, सर, ते कुठं लिहायचं असतं का?

म्हणून इथं लिहितो.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. भूकंप. आमचं गाव औसा तालुक्यातलंच, पण किल्लारीपासून लांब, त्यामुळे आमची भिंत फाटली, पडली नाही. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तिकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आठ-दहा हजार माणसं गेली. आम्ही कितीतरी महिने रानात कापडाखाली झोपलो. आजी तर त्यानंतर कधीच माळवदाखाली झोपली नाही.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अडीच-तीन फूट जाड भिंत, आतून दगड, बाहेरून दगड, मधे चिखल आणि कपच्या. आतल्या दगडाला बाहेरच्याशी बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर तुळया, त्यावर लाकूड, त्यावर पांढरी माती. गळायला लागलं की आणखी पांढरी टाकायची. पणजोबांनी टाकलेली, आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली, सगळी तिथंच, डोक्यावर. भूकंपात कितीतरी घरांचे लाकडी खांब उभेच राहिले. भिंती मधोमध फाटून दोन्हीकडं फुगल्या आणि झोपलेल्या माणसांवर आल्या.

मग पुनर्वसन आलं. जागतिक बँकेचं कर्ज, देशोदेशींची मदत, संस्था, आणि इंजिनियर, आर्किटेक्ट, सल्लागार यांची रीघ. मी सिव्हिलला गेलो त्याचं कारण हेच. पांढऱ्या जीपमधून उतरणारा, हातात नळीसारखा गुंडाळलेला नकाशा असणारा माणूस. त्याला सगळे उठून जागा देत.

52 गावं उठवून नव्या जागी वसवली. ज्याला जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे त्याला 250 चौरस फूट, मधल्याला 450, मोठ्या शेतकऱ्याला 750. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, सारखी घरं. कागदावर बघितलं तर आजही चूक काढता येत नाही, आणि तेवढ्या घाईत तेवढी घरं उभी करणं हे खायचं काम नव्हतं हेही मान्य. पण मी कॉलेजात असताना सुट्टीत एका नव्या गावठाणात पाहुण्यांकडं गेलो होतो. घरापुढं पत्रा मारून त्यात बैल. खोलीत निम्म्या जागेत ज्वारीची पोती. जुन्या वाड्यात ढेलज होती, तिथं येणारा-जाणारा बसायचा. इथं दार उघडलं की थेट चूल. पाहुणे मला म्हणाले, “तुमच्या इंजिनेर लोकान्ला आमचा बैल दिसला नाही का रे?” मी दुसऱ्या वर्षाला होतो. काय बोलणार.

दुसरी गोष्ट लोकांना फारशी माहीत नाही. उठवलेली गावं 52, पण जिथं घरं उभी राहिली पण फाटली अशी गावं हजाराच्या वर होती. तिथं घर मालकानंच दुरुस्त आणि मजबूत करायचं, सरकारनं हप्त्याहप्त्यानं पैसे द्यायचे. नुकसानीप्रमाणे 17 हजार किंवा 34 हजार. आमचं गाव त्यातलं. आणि यात एक वेगळी नेमणूक होती. बांधकामाचे सल्लागार होतेच, पण ‘लोकसहभागाचे सल्लागार’ म्हणून एक संस्थाही नेमली होती: प्रेमा गोपालन यांची स्वयम् शिक्षण प्रयोग. त्यांनी गावोगावी बाईमाणसांतूनच ‘संवाद सहायक’ उभ्या केल्या. सिमेंट किती लागतं, गज कुठं वाकवायचा, हप्ता का अडला, हे त्या बायका दारोदार जाऊन सांगायच्या आणि इंजिनियरला जाऊन विचारायच्या.

आमच्या गल्लीत एक होत्या. त्यांनी माझ्या आईला आरपार दगडाचा अर्थ समजावून सांगितला तो प्रसंग मला लख्ख आठवतो. भिंतीला दोन्ही बाजूंनी भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडे वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट ठासायचं. त्यांनी गोधडीची सुई घेतली, आईच्या हातातल्या वाकळेत आरपार घातली आणि म्हणाल्या, “टाका नाही घातला तर वरचं पातळ अन् खालचं पातळ एकमेकाला धरतंय का?” झालं. पुढं मला चौथ्या वर्षात हाच धडा प्राध्यापकांनी दोन तास शिकवला.

आता खरं सांगायचं तर आमच्या वडिलांनी ती भोकं पाडलीच नाहीत. त्या पैशातून बाजूला दहा बाय बाराची एक सिमेंटची खोली बांधली आणि माळवदात कडबा भरला. गावोगाव खूप जणांनी हेच केलं. तज्ज्ञ वैतागले, की जुनं घर कमी पैशात मजबूत होत होतं. त्यांचं गणित बरोबर होतं. पण माझ्या आजीला त्या दगडाखाली झोप येत नव्हती, आणि झोपेचा दर कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. पुढं 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडं गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. आणि गुजरातनं घरं बांधायचं काम बहुतांश मालकांच्याच हाती दिलं. याचा आमच्याकडं जेवढा अभिमान असायला हवा तेवढा नाही, असं माझं मत.

असो. माझ्या धंद्याकडं येतो.

‘लोकांचा पाठिंबा’ या शब्दाची सध्या जी काय अवस्था आहे ती बघवत नाही. पाणी योजनेचं घ्या. जलजीवन मिशनच्या नियमात गावातल्या कामाच्या खर्चाचा 10 टक्के वाटा गावाचा. डोंगराळ, जंगलातली आणि निम्म्याहून जास्त वस्ती अनुसूचित जाती-जमातींची असलेली गावं असतील तर 5 टक्के. विचार चांगलाच आहे. आपला पैसा गेला की माणूस विचारतो. पण एका गावात मला लोकवर्गणीच्या पावत्यांचा गठ्ठा दाखवला, तर सगळ्या पावत्यांवर एकच अक्षर, एकाच पेनाचं. ठेकेदारानंच भरून टाकली होती. गाव खूश, ठेकेदार खूश. आणि ते पैसे त्यानं कुठून काढले असतील? पाइप उकरून बघा, तीन फुटांच्या जागी दीड फुटावर सापडेल.

आणि ‘गाव’ म्हणजे तरी कोण? मारुतीच्या पारावर बैठक घेतली की सरपंच, चेअरमन, तंटामुक्तीचे अध्यक्ष, आणि मोबाइल बघणारी चार पोरं. बायका पारावर चढत नाहीत. वस्तीवरची माणसं लांब लिंबाखाली उभी. ठराव मात्र ‘सर्वानुमते’. वर मी म्हटलं ना, तीन गावांत काम बंद पडलं, त्यातलं एक अंगणवाडीचं होतं. सर्वानुमते ठरलेली जागा. पाया खोदला त्या दिवशी वस्तीवरच्या बाया लेकरं घेऊन खड्ड्यात उतरून बसल्या. कारण वस्तीवरनं तिथं यायचं तर ओढा ओलांडावा लागतो, आणि पावसाळ्यात तीन वर्षांचं पोरगं ओढ्यातनं कोण पाठवील? त्यांचं बरोबर होतं. नकाशात मी ओढा दाखवला होता, सुंदर निळ्या रेषेत. तेव्हापासून मी बैठक शाळेच्या व्हरांड्यात घेतो, आणि दोनदा घेतो. एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीनंतर.

आता ज्या कामाचा फोटो त्या पोरानं मुखपृष्ठावर टाकलाय त्याबद्दल. दोन खोल्यांची शाळा. 2016 साल. कुणाला विसर पडला असेल तर, त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. टाक्यांभोवती जमावबंदीचं 144 कलम लागलं होतं. आणि माझ्या साइटवर फेब्रुवारीअखेर सेंटरिंग, म्हणजे स्लॅब ओतायचा तात्पुरता साचा, बांधून तयार, लोखंड अंथरलेलं, स्लॅब टाकायचा बाकी. पैसे एका ट्रस्टचे, 31 मार्चच्या आत खर्ची पडले पाहिजेत.

स्लॅबला पाणी मारणं किती महत्त्वाचं ते घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. उन्हाळ्यात किमान दहा दिवस, आजकालच्या सिमेंटला चौदा. तेवढं पाणी कुठनं आणणार? गावात टँकर आठवड्यातून दोनदा. ठेकेदार म्हणाला, वरून क्युरिंगचं, म्हणजे ओल टिकवायचं, केमिकल मारू. ते चांगलंच असतं, पण त्याच्या डब्यात काय होतं ते मला माहीत होतं.

मी व्हरांड्यात बैठक घेतली. मला वाटलं होतं लोक म्हणतील, टाका पटकन, पैसे परत जातील. म्हणालेही काही जण. मग बचत गटातल्या एक मावशी म्हणाल्या, “सायेब, पाणी नाही मारलं तर काय हुतंय?” मी सांगितलं, लगेच काही होत नाही, दहा-पंधरा वर्षांनी पोपडे पडायला लागतात, गज गंजतो. त्या म्हणाल्या, “म्हंजी माझी नात शाळंत जाईल तवा.” एवढंच. थांबायचं ठरलं.

थांबणं सोपं नसतं. सेंटरिंगच्या प्लेटांचं भाडं दिवसावर असतं. सेंटरिंगवाला शेजारच्या गावचा. त्यानं सगळं खोलून दुसऱ्या साइटवर नेलं, कॉलमच्या उघड्या सळयांना आम्ही सिमेंटचं पाणी लावून ठेवलं, आणि पाऊस झाल्यावर त्यानं पुन्हा सगळं बांधलं. दुसऱ्यांदा बांधायची मजुरी विचारली तर हसला. त्याची बहीण त्या गावात दिलेली. “बहिणीच्या गावात पैसं मागू व्हय?” म्हणाला. आता हे ‘सहकार्य’ कुठल्या रकान्यात लिहायचं? ट्रस्टच्या फॉर्ममध्ये ‘श्रमदान (तास)’ असा रकाना आहे. मेहुण्याचा मान ठेवला याला तास किती लावू?

ट्रस्टचे साहेब मात्र भडकले. त्यांना मार्चअखेर फोटो हवा होता, मी त्यांना उघडे कॉलम पाठवले. शेवटचा हप्ता वर्षभर अडवला, माझी फी त्यात अडकली ती निम्मीच निघाली.

जुलैत स्लॅब टाकला. वर सिमेंट-वाळूची आळी घालून पाणी भरलं. त्याच मावशी रोज संध्याकाळी शिडीनं वर जायच्या, आणि खाली भिंतीवर खडूनं रोज एक रेघ ओढायच्या. नवव्या रेघेच्या दिवशी मला त्यांचा फोन. “सायेब, शिडीकडच्या कोपऱ्यातल्या आळ्यात पाणी राहीना. बाकीची भरलेली हायती.” ठेकेदार म्हणाला, उन्हानं आटतं. आठ दिवस ढग होते! मी गेलो. खालून प्लेट काढून बघितलं तर तुळईच्या जोडाशी काँक्रीट पोकळ, मधमाशीच्या पोळ्यासारखं, गज दिसतोय. काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर तिथपर्यंत पोचलाच नव्हता. तेवढा भाग फोडून पुन्हा भरला. स्लॅब टाकला त्या दिवशी मी जातीनं उभा होतो, बरं का. त्याच कोपऱ्यावरून दोनदा चालत गेलो होतो.

आज त्या शाळेत पावसाळ्यात एक थेंब गळत नाही. शाळेच्या दर्शनी भिंतीवर फळ्यापेक्षा मोठी संगमरवरी पाटी आहे. ट्रस्टचं नाव, उद्घाटकांचं नाव, पाचव्या ओळीत आमच्या कन्सल्टन्सीचं.

पोराला सांगितलं, ती अकरा वेळा लिहिलेली ओळ काढ. प्रत्येक कामाखाली काय झालं ते दोन वाक्यांत लिही, बंद पडलेल्या तिन्ही कामांसकट. तो म्हणाला, सर, मग यादीत नाव लागेल का? लागेल असं नाही. हातात हात घेतलेल्यांचा फोटोही काढायला लावलाय. त्याच्या जागी चौदा रेघांचा टाकायचा होता, पण तो कुणी काढलाच नव्हता, आणि भिंतीला रंग लागून आता सात-आठ वर्षं झाली.

परवा सकाळी सात वाजता एका वस्तीवर शाळेच्या संरक्षक भिंतीची आखणी आहे. फक्कीचं पोतं मी घेऊन जाणार आहे. पोरालाही नेतोय. बैठक आदल्या दिवशी संध्याकाळी, व्हरांड्यात.