फिनलंडने विमानं अमेरिकेला खूश करायला घेतली नाहीत
लहान देश अमेरिकेच्या दबावाखाली विमानं घेतात, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. फिनलंडचंच बघा. लोकसंख्या जेमतेम ५५-५६ लाख, रशियाशी सीमा १३०० किलोमीटरहून जास्त. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी ६४ एफ-३५ ही अमेरिकन लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं तेव्हा ते नाटोत नव्हतेसुद्धा! राफेल, युरोफायटर, ग्रिपेन, सुपर हॉर्नेट, सगळ्यांना स्पर्धेत उतरवून मग निवड केली.

लढाऊ विमान स्वतः बनवायचं म्हणजे अनेक दशकं आणि अफाट पैसा. शेजारच्या स्वीडनने ग्रिपेन बनवलं, पण त्याच्या नव्या आवृत्तीचंही इंजिन अमेरिकन कंपनीचंच आहे.

शिवाय शेजाऱ्याकडे तेच विमान असण्याचा फायदा केवढा! सप्टेंबर २०२३ मध्ये नॉर्वेची एफ-३५ विमानं फिनलंडच्या महामार्गावर उतरली, इंजिन चालू ठेवूनच इंधन भरून घेतलं आणि पुन्हा उडाली. युद्धात धावपट्ट्या आधी उडवल्या जातात, तेव्हा हाच सराव कामी येतो.

सुट्या भागांसाठी अमेरिकेवर अवलंबून राहावं लागतं, ही लेखकाची काळजी मात्र अगदी खरी. म्हणूनच विमानाच्या पुढच्या भागाचं उत्पादन आणि इंजिनांची जुळणी आपल्याच देशात व्हावी, हे फिनलंडने करारात पदरात पाडून घेतलं.