आजोबांचा गालिचा आणि एक आगाऊ काका

काल कॅम्पात एका अनोळखी काकांनी माझ्या आजोबांच्या इराणी गालिच्याला चारचौघांत थेट येरवडा जेलमध्ये टाकलं, आणि मी अजून धुमसतेय.

तर दिवाणाखाली ठेवलेल्या गालिच्याला कसर लागली, कोपऱ्यात बशीएवढं भोक. उडणारा किडा म्हणे काहीच खात नाही, लोकर खाते त्याची अळी, आणि तिला लागते अंधारी, कुणी ढुंकूनही न बघणारी जागा, म्हणजे आमचा दिवाण.

रफूवाल्या चाचांनी गालिचा उलटा केला, भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले उभे धागे नवे घालावे लागतील, मग त्यावर एकेक गाठ हाताने, आणि नवी लोकर चालणार नाही, जुना लाल उतरलेला असतो ना, त्याला जुन्या गालिच्याचीच लोकर शोधायची. 18 हजार.

मी हा आकडा गिळत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, पण हा इराणी आहे हे सांगितलं कोणी तुम्हाला?"

काका. डोक्यावर हेल्मेट तसंच, हातात गुडघ्याला फाटलेली पँट. ती चाचांच्या टेबलावर टाकून ते सरळ माझ्या गालिच्यावर उकिडवे बसले. चष्मा कपाळावर, नाक लोकरीत.

"आजोबांनी कॅम्पातल्या एका इराण्याकडून घेतला होता," मी म्हटलं.

"मग? इराण्याकडे मस्का-पाव खाल्ला तर पाव इराणचा होतो का?"

यावर काय बोलणार!

"ही गाठ बघा. दोन्ही धाग्यांना सारखा वेढा. ही तुर्की गाठ. इराणी गाठ एकाच धाग्याला पूर्ण वेढा घालते."

चाचा मान वर न करता म्हणाले, "तबरीझमें भी यही गाँठ मारते, साहब." तबरीझ इराणातच आहे. काकांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं.

"येरवड्याचा असणार. कैदी विणायचे तिथे गालिचे. अहो, लाजता कशाला? आग्र्याच्या जेलमधला गालिचा विंडसर कॅसलमध्ये राणीच्या घरी गेला!"

म्हणजे माझं सांत्वन पण तेच करणार. बरं, पँटच्या रफूचे चाचांनी 80 सांगितले तर हाच माणूस 60 वर अडून बसला, पण मला मात्र "करून घ्या हो, 18 हजार म्हणजे काही जास्त नाहीत, कला आहे ती!" दुसऱ्याच्या पैशावर कलेची केवढी ती कदर.

खरं सांगू का, काकांचं एवढं नाही. परके आहेत, गेले. घरचे जात नाहीत. फॅमिली ग्रुपवर भोकाचा फोटो टाकला तर आत्या म्हणाली बाबांची आठवण आहे, विकायचा विषय काढायचा नाही. चुलतभाऊ म्हणाला, अगं, लाखोंचा असेल, वाटणीत धरलाच नव्हता आपण. मग मी 18 हजारांचं लिहिलं. सगळ्यांनी वाचलं. एकाचंही उत्तर नाही. गेली कित्येक वर्षं ऊन दाखवणं, झाडणं, डांबराच्या गोळ्या, सगळं मी करतेय, त्या वासाने माझंच डोकं उठतं, आणि आठवण मात्र सगळ्यांची.

शेवटी चाचांनीच मधला मार्ग काढला. भोक आत्ता भरायचं नाही, फक्त कडेच्या गाठी पक्क्या करायच्या म्हणजे ते वाढणार नाही. आणि झालर बांधून घ्यायची, कारण ती शोभेला वरून शिवलेली नसते, गालिच्याचे उभे धागेच असतात ते, ती उसवली की गाठी निसटायला लागतात. अडीच हजार. हो म्हटलं.

"आणि कोपऱ्यावर टीपॉय ठेवा, भोक दिसणार नाही," हेल्मेट बोललं.

चाचांनी पावतीपुस्तक काढलं, नाव विचारलं. मी आत्याचं नाव सांगितलं. फोन नंबर पण तिचाच.