न्यूटन, इंद्रधनुष्य आणि कीट्सवरचा आळ

इंद्रधनुष्याच्या फोटोखाली एक मजकूर हमखास फिरतो: 'न्यूटनने इंद्रधनुष्यातलं काव्य मारलं, असं कीट्स म्हणाला. रोमँटिक कवी विज्ञानाचे वैरीच होते.' रोमँटिक म्हणजे इथे भावना आणि कल्पनेला मान देणारे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्रज कवी; जॉन कीट्स त्यांतलाच एक. त्याच्यावर हा अन्याय आहे.

हे बोलणं झालं २८ डिसेंबर १८१७ ला, लंडनमध्ये चित्रकार हेडनच्या घरी जेवताना. निबंधकार चार्ल्स लँब आणि कीट्स दोघेही तसं म्हणाले, हे खरं. पण त्याच बैठकीत न्यूटनच्या नावाने प्यालेही उचलले गेले. हे हेडननेच लिहून ठेवलंय, आणि फिरणाऱ्या मजकुरातून नेमकं तेवढंच गळतं.

वैरी म्हणावं, तर कीट्स लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यक शिकला आणि १८१६ मध्ये त्याला औषधोपचाराचा परवाना मिळाला. त्याच वर्षी ग्रीक महाकवी होमर वाचल्याचा आनंद एका कवितेत सांगताना त्याला उपमा सुचली ती आकाशात नवा ग्रह सापडलेल्या निरीक्षकाची.

उरते १८२० मध्ये छापलेली त्याची 'लेमिया' ही कथाकविता. थंड तत्त्वज्ञानाचा नुसता स्पर्श झाला की सारी मोहिनी उडून जाते, अशा ओळी तिच्यात आहेतच, आणि 'तत्त्वज्ञान' या शब्दात तेव्हा विज्ञानही येत असे. पण ओळी उचलणारे गोष्ट विसरतात. लेमिया ही स्त्रीरूप घेतलेली नागीण. कवी हे पहिल्याच भागात दाखवतो. म्हणजे लग्नाच्या पंगतीत आगंतुक आलेला तत्त्ववेत्ता अपोलोनियस तिला नागीण म्हणतो आणि ती नाहीशी होते, तेव्हा तो खरंच बोलत असतो. आणि लग्न चारचौघांत नको म्हणून ती रडून विनवत असताना तिचा प्रियकर, अपोलोनियसचा शिष्य लिसियस, हट्टाला पेटतो, तिच्या दुःखातही सुख घेतो. एवढं वाचल्यावर सगळं पाप त्या म्हाताऱ्या तत्त्ववेत्त्याच्या माथी मारायला माझं मन धजत नाही.

तरी कीट्स त्याला सोडत नाही. त्याच्या कपाळी तो काटेरी गवताचा मुकुट ठेवतो. ही कथा कीट्सने इंग्रज लेखक रॉबर्ट बर्टनच्या १६२१ च्या ग्रंथातून घेतली. त्या उताऱ्यात लिसियसच्या मृत्यूचा उल्लेखच नाही. तो कीट्सने घातला. शिष्याला वाचवायला आलेल्या गुरूचं सत्य शिष्याच्याच जिवावर बेततं. हे लिहिताना त्याच्यातला वैद्य जागाच आहे: अपोलोनियसची नजर खिळताच लेमियाच्या कानशिलावरची निळी शीर दिसेनाशी होते, आणि शेवटी लोक लिसियसला उचलतात, तर नाडी नाही, श्वास नाही. ते जड शरीर लग्नाच्याच वस्त्रात गुंडाळलं जातं.