२९ लाख नास्तिकांचा फॉरवर्ड चुकीचा आहे
आमच्या सांगलीच्या ग्रुपवर दोन दिवस एकच फॉरवर्ड फिरतोय, की २०११ च्या जनगणनेत देशात २९ लाख नास्तिक निघाले, धर्म बुडाला वगैरे. आकडा खरा आहे ओ, पण नास्तिकांचा नाही. ते जवळपास २८.७ लाख म्हणजे 'धर्म सांगितला नाही' हा रकाना, एकूण लोकसंख्येच्या ०.२४ टक्के. आता धर्म सांगितला नाही म्हणजे देव मानत नाही असं कुठंय, कुणी चिडून सांगत नाही, कुणाला सांगायचाच नसतो. स्वतःहून नास्तिक अशी नोंद केलेले देशभरात ३३ हजारांच्या आसपास, त्यातले महाराष्ट्रात साडेनऊ हजारांच्या वर, बस्स.

इंग्लंड-वेल्सची गोष्ट वेगळी, तिथं फॉर्मवरच 'कोणताही धर्म नाही' असा पर्याय असतो आणि २०११ ला २५ टक्के होते ते २०२१ ला ३७ टक्के झाले. तिथला धर्म मानणारे घटल्याचा आकडा इथं चिकटवू नका.

आणि हा फॉरवर्ड ज्या काकांनी टाकला ते संकष्टीला गणपती मंदिराच्या रांगेत उभं राहून, हातात भडंगाचा पुडा धरून, तोच मेसेज अजून तिघांना पाठवत होते, मी मागंच होतो.