बाळाची उन्हाळी आणि सब्जाचं पाणी

एप्रिल लागला की इकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. बाळ लघवी करताना रडतंय, अंग तापलंय तर घाबरू नका, उन्हाळी लागली आहे, शहाळ्याचं पाणी नि भिजवलेला सब्जा चमच्याने पाजा, बेंबीवर ओलं फडकं ठेवा, अँटिबायोटिक अजिबात नको किडनी जाते, आणि मुलगा असेल तर काळजीच नाही, हा बायकांचा आजार. खाली हात जोडलेले इमोजी.

आता एकेक बघू. उन्हात काजू-आंबे काढून आलेल्या मोठ्या माणसाला उन्हाळी लागते ती पाणी कमी पडून, लघवी दाट होऊन, तिथे कोकम सरबत प्यायलं की बरं वाटतं, मान्य. पण बाळाला ताप आणि लघवीचं इन्फेक्शन म्हणजे जंतू. बहुतेक वेळा शीतून वर चढलेला ई. कोलाय. तो भर पावसाळ्यातही होतो, त्याला शहाळं काय करणार?

आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला शहाळं सोडा, साधं पाणीसुद्धा द्यायचं नसतं हो. पोट पाण्याने भरतं, दूध कमी जातं, जास्त पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. सब्जा तर फुगून घशात अडकायचा. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, मे महिन्यातही तेवढं पुरतं.

रडण्याचंही तसंच. बाळं लघवीआधी अशीही कुरकुरतात. खरी खूण म्हणजे सर्दी नाही खोकला नाही आणि ताप मात्र आहे, किंवा उलट्या, दूध ओढत नाही, मलूल पडलंय, अगदी तान्ह्यात तर कधी ताप नसतोच, नुसती कावीळ रेंगाळते. कारण सापडत नाही असा ताप असलेल्या शंभर बाळांत साधारण ७ जणांना हेच निघतं. म्हणून "दात येतायत" म्हणून सोडून देऊ नका, दातांनी अंग जरा कोमट होईल, १०० च्या वर चांगला ताप येत नाही.

किडनीचं तर उलटंच सांगितलंय. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं आणि औषधाला उशीर झाला की तिथे व्रण राहतात, त्या भीतीनेच तर अँटिबायोटिक देतात. फक्त घरात उरलेलं सिरप आपल्या मनाने देऊ नका, कारण आधी लघवीचं सँपल घ्यावं लागतं, नंतर घेतलं तर कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ते बऱ्याचदा दिसतच नाहीत.

हे सँपल घेणं म्हणजे एक उद्योगच असतो. चिकट पिशवी लावून घेतलेल्या सँपलमध्ये कातडीवरचे जंतू मिसळतात, कल्चरला ते चालत नाही. मग एकीने बाळाला धरायचं, जागा धुऊन घ्यायची, गार पाण्यात भिजवलेल्या कापसाने ओटीपोटावर हळूहळू फिरवायचं आणि दुसरीने निर्जंतुक बाटलीचं झाकण उघडून तयार राहायचं, मधली धार पकडायची. बऱ्याचदा ती पहिली आजीच्या लुगड्यावरच जाते. नाहीच जमलं तर डॉक्टर बारीक नळी घालून घेतात, बघवत नाही पण रिपोर्ट खात्रीचा येतो.

आणि मुलग्यांना होत नाही हे कोणी सांगितलं? पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांनाच जास्त होतं, नंतर मुलींचं प्रमाण वाढतं. त्यावर उपाय म्हणून अंघोळ घालणारी बाई तेल लावून लघवीच्या जागेची कातडी मागे ओढते, ते मात्र बंद करा, जखम होते.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ ताप असेल तर रात्र असली तरी निघा, सकाळच्या एसटीची वाट बघू नका. अशा बाळाला बहुतेक ॲडमिट करून इंजेक्शनच देतात. मोठ्या बाळाला तोंडाने औषध चालतं, ताप दोन दिवसांत उतरला तरी कोर्स पुरा करायचा. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो, तो फोन करून मागून घ्या, त्यावरून औषध बदलावं लागू शकतं.